शांत दिवसाचा आवाज

आमच्या घरात सूर्यावरून भांडण झालं असं मी सांगितलं की लोक हसतात. हसू देत. धायरीत पाण्याच्या टँकरवरून भांडणं होतात, पार्किंगवरून होतात, आमचं सूर्यावरून झालं. सून शास्त्रज्ञ आणि सासू निवृत्त मुख्याध्यापिका असली की एवढं चालायचंच.

माझं नाव प्रेमला. सगळी नोकरी महापालिकेच्या शाळेत झाली, त्यामुळे आवाज मोठा आहे आणि तो आता या वयात कमी होणार नाही, हे आधीच सांगून ठेवते. मुलगा प्रज्ञेश आयटीत आहे. त्याच्यासाठी मुलगी बघायला आम्ही कात्रजला गेलो, तेव्हा पूर्वाला मी विचारलं, "तू नक्की काय करतेस गं?" ती म्हणाली, "सौर वाऱ्यातल्या प्लाझ्मा लहरींचा अभ्यास करते." मी म्हटलं, "स्वयंपाक येतो का, असं मी विचारलेलं नाही. तेव्हा घाबरून एवढं अवघड उत्तर द्यायची गरज नाही. सोपं करून सांग."

झालं! तिने पुढ्यातला चहाचा कप बाजूला सारला आणि सुरूच झाली. सूर्याकडून नुसता उजेड आणि ऊन येत नाही, वारासुद्धा येतो. आपल्या हवेचा नव्हे, विजेचा भार असलेल्या बारीक कणांचा. त्या तापलेल्या, तुटलेल्या अणूंच्या लोटाला प्लाझ्मा म्हणायचं. हा वारा इतका विरळ, की कणाला कण धडकतच नाही. "मग एकाचा धक्का दुसऱ्याला लागतो कसा?" मी विचारलं. तिचे डोळे असे काही चमकले, की वर्गातली माझी सगळ्यात हुशार पोरं मला आठवली. म्हणाली, "तेच तर! ते एकमेकांना हात न लावता ढकलतात. विजेच्या आणि चुंबकाच्या ओढीने. एक हलला की ती थरथर पुढे जाते. त्याच लहरी. आणि सूर्यावर वादळ उठलं ना, की या लहरी नुसत्या खवळतात." तिची आई मागून खुणा करत होती की पुरे आता, पाहुण्यांचा चहा गार झाला. मी त्या माउलीला म्हटलं, होऊ दे गार. सून तिथेच पसंत झाली. प्रज्ञेशने तिला पसंत केलं की नाही, हे मी त्याला नंतर गाडीत विचारलं.

लग्नानंतर पूर्वाने मला तिचं काम ऐकवलं. दाखवलं नाही, ऐकवलं. सूर्य आणि पृथ्वीच्या मधल्या वाटेवर एक यान उभं आहे, त्याला लांबलचक तारा लावलेल्या आहेत, आणि त्या तारा वाऱ्यातली थरथर टिपत राहतात. ती थरथर नेमकी अशी, की स्पीकरला जोडली तर माणसाच्या कानाला ऐकू यावी. तिथे अंतराळात आवाज नाही, हे ती दहादा बजावून सांगायची. पण कानात ते इअरफोन घातले आणि तो सरसराट ऐकला, तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. कुठे तो सूर्य, कुठे आमची धायरी, आणि भाजी निवडता निवडता मी त्याचा वारा ऐकत होते! मी तिला म्हटलं, "बाई गं, तुला याचा पगारही देतात?" म्हणाली, "आई, देतात. पण दर वर्षी विचार करून देतात."

हाच खरा घोर होता. संस्थेत तिची नेमणूक वर्षा-वर्षाची. यंदा एक कायमची जागा निघाली होती. अशी जागा पुन्हा कधी निघेल कुणास ठाऊक, आणि नाही मिळाली तर प्रज्ञेशला इथे ठेवून परदेशात तरी जा, नाहीतर कुठल्यातरी कंपनीत जाहिरातींचे आकडे जुळवत बसा, असा प्रकार. मुलाखत बुद्धपौर्णिमेनंतर लगेच होती. आणि ही जागा मिळणार असं सगळेच म्हणत होते, कारण पूर्वाने नवीन लहर शोधली होती.

गोष्ट अशी, की सूर्यावरून वादळाचा मोठा ढग निघाला की तो यानावर आदळायच्या थोडं आधी तिला एक बारीक शिट्टी ऐकू यायची. एकदा नाही, प्रत्येक मोठ्या वादळात. ही लहर आजवर कुणी नोंदवलेली नव्हती. म्हणजे वादळ यायच्या आधी वर्दी! वीजकेंद्रांना, उपग्रहांना सावध व्हायला वेळ मिळणार. तिचे गाईड सुदर्शन सर तर हरखून गेले होते. लेख लिहिला, मोठ्या नियतकालिकाने तो घेतला, छापून यायचा बाकी होता. संस्थेच्या फलकावर तिचं नाव लागलं. मी तो फोटो सगळ्या नातेवाइकांना पाठवला, ज्यांच्याशी बोलत नाही त्यांनासुद्धा.

ही बातमी आमच्या विहाराच्या महिला मंडळात मीच फोडली, आणि तिथून सूत्रं यमुनाबाईंच्या हातात गेली. यमुनाबाई आमच्या मंडळाच्या अध्यक्षा. मूळच्या धायरी गावच्या, इथे इमारती उगवायच्या आधीपासूनच्या. सत्कार करणे हा त्यांचा छंद आहे. कुणी दहावी पास झालं, कुणी निवृत्त झालं, कुणी नगरसेवकाच्या शेजारी उभं राहिलं, की शाल निघालीच. म्हणाल्या, "आवं प्रेमलाताई, सूर्यावर हात घातला पोरीनं! बुद्धपौर्णिमेला जाहीर सत्कार झालाच पायजे." माझं आणि यमुनाबाईंचं एरवी फारसं जमत नाही. पण या वेळी मी म्हटलं, अगदी बरोबर.

दुसऱ्याच दिवशी बसथांब्याजवळ फ्लेक्स लागला. वर मोठ्या अक्षरांत, "सूर्याच्या वादळात नवी लहर शोधणाऱ्या", खाली "आमच्या भगिनी डॉ. पूर्वा यांचा जाहीर सत्कार". एका कोपऱ्यात पूर्वाचा पासपोर्टएवढा फोटो, आणि उरलेल्या जागेत हात जोडलेल्या यमुनाबाई. पूर्वा बिचारी मान खाली घालून तिथून जायची. प्रज्ञेश म्हणाला, "चिल गं, फुल व्हायरल होणार तू." मी त्याला म्हटलं, तू गप्प बस आणि कार्यक्रमाला चांगला स्पीकर बघ.

कारण माझ्या डोक्यात वेगळंच होतं. नुसती शाल-श्रीफळाची भाषणं मला सहन होत नाहीत. मी पूर्वाला सांगितलं, "तू तुझी ती शिट्टी सगळ्यांना ऐकव. आपल्या बायकांनाही कळू दे सूर्य काय बोलतो ते."

"ऐकवते की," ती खूश झाली. "वादळाचा तुकडा आहे माझ्याकडे तयार."

"नुसता वादळाचा कसा चालेल?" मी म्हटलं. "पोरांना आपण उष्ण शिकवताना थंड आधी शिकवतो. एक शांत दिवसाचाही ऐकव. त्याशिवाय यमुनाबाईंना काय कळणार, वादळ कुठलं आणि रोजचं कुठलं?"

तिला ते पटलं. पण शांत दिवसाचा आवाज तिच्याकडे नव्हता. मला तेव्हा नवल वाटलं, पण तिने समजावलं. हे यान एरवी हळू नोंदी घेतं, जागा वाचावी म्हणून. वादळाची चाहूल लागली, की आपोआप भरभर नोंदी घ्यायला लागतं. शिट्टी टिपायची तर त्या भरभर नोंदीच लागतात, म्हणून सगळे जण वादळाच्याच नोंदी मागवून अभ्यास करतात. शांत दिवसाकडे कोण बघतो? तरी तिने शोधाशोध केली, आणि तिला एक दिवस सापडला. त्या दिवशी सूर्य अगदी गप्प होता, पण यंत्र नीट चालतंय का हे तपासायला कुणीतरी भरभर नोंदी मुद्दाम चालू केल्या होत्या.

बुद्धपौर्णिमेच्या दोन दिवस आधी दुपारी प्रज्ञेश बुधवार पेठेतून भाड्याचा स्पीकर घेऊन आला. हा एवढा मोठा! हॉलमध्ये मांडला आणि पूर्वाने आधी वादळ लावलं. सरसर, मग ती शिट्टी, मग एकदम सगळा गोंधळ. मी टाळ्याच वाजवल्या. मग तिने शांत दिवस लावला.

नुसती बारीक खसखस ऐकू येत होती, लांब कुणीतरी तांदूळ पाखडतंय अशी. मी म्हणणार होते की छान, फरक कळतो. तेवढ्यात पूर्वाने हात वर केला. "थांबा. बोलू नका." तिने आवाज वाढवला. आणखी वाढवला. प्रज्ञेश म्हणाला, "काय झालं?" तिने कान स्पीकरला लावला. मग मलाही ऐकू आली. तीच शिट्टी. अगदी बारीक, पण तीच.

मी अडाण्यासारखं म्हटलं, "म्हणजे शांत दिवशीही येते? चांगलंच की!"

पूर्वाने आवाज बंद केला. "नाही आई," ती म्हणाली. "त्या दिवशी वादळ नव्हतंच. म्हणजे ही शिट्टी सूर्याची नाही. यंत्र भरभर चालायला लागलं की यंत्रातूनच येते. वादळाआधी यंत्र भरभर चालायला लागतं, म्हणून मला वाटलं, वादळाआधी लहर येते."

मिक्सर लावला की आमच्या जुन्या रेडिओत खरखर यायची. मी तेवढ्यावरून समजले. आपण गाणं म्हणून ऐकत होतो, तो मिक्सर होता. मी सोफ्यावर बसले.

तिने लगेच सुदर्शन सरांना फोन केला. ते आधी मानेनात, मग म्हणाले, पाठव, मीही ऐकतो. संध्याकाळी त्यांचा फोन आला. लेखावर नाव त्यांचंही होतं, तरी सरळ म्हणाले, तुझं बरोबर आहे, लेख मागे घ्यावा लागेल. पण घाई करू नकोस, आधी मुलाखत होऊ दे. चार दिवसांनी मागे घेतला म्हणून कुणी आपल्याला फाशी देणार नाही.

मला सरांचं म्हणणं एकदम पटलं. आणि इथे आमचं भांडण झालं.

"सर म्हणतात तसं कर," मी म्हटलं. "सत्कार होऊ दे, मुलाखत होऊ दे, मग सांग काय सांगायचं ते."

"मुलाखतीत ते याच लहरीबद्दल विचारणार आहेत, आई."

"मग सांग की! लेख लिहिलास तेव्हा तर तुला ठाऊक नव्हतं!"

"आता ठाऊक आहे."

"एवढा सत्याचा पुळका आहे तर त्या यंत्राला विचार, त्याने का फसवलं!" माझा आवाज चढला होता, शेजारच्यांनी खिडकी लावून घेतली. "कायमची नोकरी आहे गं ही. परत निघणार नाही. तू परदेशात जाशील, हा इथे राहील, आणि मी दोघांना फोनवर बघत बसेन. कुणाचं नुकसान होतंय चार दिवस गप्प राहिलीस तर?"

ती माझ्यावर ओरडली असती तर बरं झालं असतं. ती ओरडली नाही. स्पीकरची वायर गुंडाळत म्हणाली, "उद्या कुणीतरी त्या शिट्टीवर विसंबून एखादं वीजकेंद्र बंद करेल, किंवा चालू ठेवेल. मला झोप नाही लागायची." आणि खोलीत गेली. मी रागारागाने कणीक मळली. त्या दिवशी पोळ्या इतक्या वातड झाल्या, की प्रज्ञेशनेसुद्धा तोंड उघडलं नाही.

बुद्धपौर्णिमेला संध्याकाळी विहार गच्च भरलं होतं. सगळे पांढऱ्या कपड्यांत, समोर मेणबत्त्या, मागच्या बाजूला खिरीचं मोठं पातेलं. यमुनाबाईंच्या पिशवीतून शालीची किनार डोकावत होती. पूर्वा पहिल्या रांगेत बसली होती. तिने ठरवलंय काय, हे मला माहीत नव्हतं. मी विचारलं नव्हतं आणि तिने सांगितलं नव्हतं.

आमच्याकडे कुठलाही कार्यक्रम त्रिशरण-पंचशीलाने सुरू होतो. बारसं असो की गृहप्रवेश, आधी पाच शीलं म्हणायची, मग बाकी सगळं. आणि ती सांगायचं काम माझं, कारण माइक लागत नाही. मी एकेक म्हणायचं, मागून सगळ्यांनी म्हणायचं. लहानपणापासून म्हणत आलेय, झोपेतून उठवलंत तरी म्हणेन. पहिलं झालं, दुसरं झालं, तिसरं झालं. आणि चौथं तोंडाशी आलं. खोटं बोलण्यापासून दूर राहीन, हे ते शील.

माझ्या तोंडून शब्द फुटेना. खोकला आला असं दाखवावं म्हटलं, तर तेही जमेना. दोन दिवसांपूर्वी याच तोंडाने मी त्या पोरीला काय सांगत होते? लोक हात जोडून वाट बघत होते. मागे कुणीतरी कुजबुजलं, ताईंना बरं वाटत नाही का. माझे डोळे भरून आले, आणि समोरचं काही दिसेना.

तेवढ्यात पहिल्या रांगेतून पूर्वाने ते चौथं शील म्हटलं. शांतपणे, स्पष्ट. आणि अख्ख्या विहाराने तिच्यामागून म्हटलं. मीही म्हटलं. पाचवं मग मी सांगितलं, पण माझा आवाज इतका बारीक झाला होता, की माइक असता तर बरं झालं असतं.

यमुनाबाईंनी शाल काढली, तसं पूर्वाने त्यांना नमस्कार करून म्हटलं, "ताई, आधी मला बोलू द्या. मग ठरवा." आणि स्पीकरजवळ जाऊन उभी राहिली.

तिने पहिल्यांदा वादळ लावलं. पोरंटोरं घाबरून आयांना चिकटली. शिट्टी आली तशी ती म्हणाली, "ही बघा, ही शिट्टी मी शोधली असं फ्लेक्सवर लिहिलंय." टाळ्या पडल्या. टाळ्या थांबेपर्यंत ती थांबली. मग तिने शांत दिवस लावला. "आता सांगा, शिट्टी ऐकू येते?"

"हो!" पोरं ओरडली.

"वादळ नसताना?"

"हो!"

"म्हणजे ती वादळाची नाही. आमच्या यंत्राची आहे. मी यंत्राचा आवाज सूर्याचा समजले. माझं चुकलं. लेख मी परवा रात्रीच मागे घेतला. फ्लेक्सवर लिहिलंय ते आता खरं नाही, त्यामुळे हा सत्कार मला घेता येणार नाही."

परवा रात्री! म्हणजे मी पोळ्यांवर राग काढत होते, तेव्हा ही तिकडे लेख मागे घेऊन मोकळी झाली होती. खरं सांगते, मला त्या क्षणी तिचा राग आला आणि तिचा अभिमान वाटला, दोन्ही एकदम. कुठलं आधी आलं, ते मला आजही सांगता येणार नाही.

"पण एक ऐकून जा," ती म्हणाली. "शिट्टी काढून टाकल्यावर खाली काय उरतं ते. हे मी शोधलेलं नाही, जगातल्या सगळ्या अभ्यासकांना माहीत आहे. पण आहे खरं."

आणि तिने तिसरा तुकडा लावला. आधी बारीक सरसर. त्यात मध्येच टिपेला जाणारे चिरके आवाज, आले आणि विरले. मग सरसर दाट होत गेली, आणि एकाएकी सगळं अंगावर कोसळल्यासारखा लोंढा आला, कमी झाला, पुन्हा आला. स्पीकरखालची फरशी थरथरत होती. पूर्वा हळू आवाजात सांगत होती, "हा धक्का आता यानावर पोचला. इथून तो पृथ्वीकडे निघाला. कणाला कण धडकत नाही, तरी धक्का पुढे जातो. या लहरीच तो नेतात." मला ठाऊक होतं हे सगळं, कात्रजला ऐकलेलं. तरी मी पुन्हा तोंड उघडं टाकून ऐकत राहिले. समोर माझी सून उभी होती, हातातून नोकरी चाललेली, आणि ती सूर्याचं कौतुक करत होती. मला हिचं कौतुक वाटलं म्हणू, की हिच्यापुढे हात टेकले म्हणू?

आवाज थांबला. मग यमुनाबाई म्हणाल्या, "परत लाव."

तिने परत लावला. सगळ्यांनी परत ऐकला.

"मंग आता तुझ्या नोकरीचं काय गं पोरी?" यमुनाबाईंनी विचारलं.

"बघू ताई," पूर्वा म्हणाली. "खीर गार होतेय."

यमुनाबाईंनी शाल घडी करून पिशवीत परत कोंबली. मला ते फार लागलं. सत्कार नको म्हणाली म्हणजे काय, लगेच शाल आत? मी त्या संध्याकाळी त्यांच्याशी बोलले नाही. खीरसुद्धा घेतली नाही, आणि खीर मला फार आवडते.

मुलाखतीच्या दिवशी सकाळी मी दूध घेऊन येताना बसथांब्याजवळ थबकले. फ्लेक्स तसाच होता, पण वरची ओळ पांढऱ्या कापडाने झाकली होती, आणि त्यावर लाल रंगाने लिहिलं होतं: "स्वतःची चूक स्वतः शोधून सगळ्यांसमोर सांगणाऱ्या". खाली तसंच, आमच्या भगिनी डॉ. पूर्वा यांचा जाहीर सत्कार.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पुण्यात वाढलेय मी, टोमणा कळायला मला चष्मा लागत नाही. रिक्षावाले वाचून हसत होते. तशीच दुधाची पिशवी हातात घेऊन यमुनाबाईंच्या दारात गेले. त्या अंगणात पापड वाळत घालत होत्या.

"जय भीम यमुनाबाई," मी म्हटलं. "शाल परत नेलीत, ते समजलं. पण त्या पोरीची आज मुलाखत आहे. आजच्या दिवशी चौकात तिची अब्रू काढायचं काय नडलं होतं?"

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "अब्रू? आवं ताई, काय बोलताय?"

"मग ते काय लिहिलंय? चूक शोधणाऱ्या! लोक हसताहेत तिथे."

यमुनाबाई उठल्या. पापडाचं पीठ पदराला पुसलं. "हसू द्या. आवं, मी आजवर कितींदा शाली घातल्या. साहेब झाले, पुढारी झाले, मास्तर झाले. तुमच्या निवृत्तीलाबी म्याच घातली. मला एक माणूस दावा, जो माइकपुढं हुबा राहून म्हनला की माझं चुकलं." त्यांनी पदर खोचला. "तवा म्हनलं, आधीचं खोटं हाय तर खोटं कशाला ठिवायचं? खरं लिव्हावं. समदं बसवायला जागा पुरंना, म्हनून माझा फोटू झाकला."

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. रागाच्या भरात मी बघितलंच नव्हतं. त्या पांढऱ्या कापडाखाली हात जोडलेल्या यमुनाबाई पार गेल्या होत्या. ज्या बाईने स्वतःच्या फोटोशिवाय आजवर एक फ्लेक्स लावला नाही, त्या बाईने! मी तिथेच पापडांच्या शेजारी खाली बसले आणि रडले. त्यांनी आत जाऊन शाल आणून माझ्या हातात दिली. म्हणाल्या, नवी किनार शिवली हाय, जुनी साधी व्हती.

पूर्वा निघाली तेव्हा मी तिच्याबरोबर बसथांब्यापर्यंत गेले. तिने फ्लेक्स वाचला, मग पुन्हा वाचला. म्हणाली, "आई, हे तुम्ही केलंत?" मी म्हटलं, "माझी एवढी लायकी नाही गं. यमुनाबाईंनी केलं." तिने मोबाईलवर फोटो काढला आणि बसमध्ये चढली.

जागा मिळाली नाही. हे मी गुंडाळून सांगत नाही. मुलाखत घेणारे चांगले बोलले, एकाने तर उठून हात मिळवला म्हणे, पण ज्या लेखावर सगळी भिस्त होती तो लेखच उरला नव्हता, आणि निवड दुसऱ्याची झाली. फोन आला तेव्हा मी भांडी आपटली. पूर्वा माझ्या पाठीवरून हात फिरवत बसली. तिने रडायचं आणि मी समजूत घालायची, ते उलटंच झालं. सुदर्शन सरांनी तिला आणखी एक वर्ष ठेवून घेतलंय. काम काय, तर सगळे शांत दिवस शोधायचे आणि ऐकायचे, म्हणजे आणखी कुठले आवाज आपण सूर्याचे समजतोय ते कळेल. पुढच्या वर्षी काय, ते तिलाही माहीत नाही आणि मलाही. ती मात्र इअरफोन घालून बसली की जेवायला दहा हाका माराव्या लागतात.

फ्लेक्स अजून आहे. बाकीचे वाढदिवसांचे कधीच उतरले, हा कुणी उतरवला नाही. परवा मी बसची वाट बघत होते. दोन तरुण मुलं शेजारी उभी होती, पाठीला लॅपटॉपच्या बॅगा. एकाने वर बघून वाचलं आणि खो खो हसला. "अरे, स्वतःची चूक शोधणाऱ्या म्हणे! सत्कार! कोण आहे रे ही?"

मी आधीच सांगितलंय, माझा आवाज मोठा आहे.

"माझी सून," मी म्हटलं.